ब्लेंडर २.७९ : काळी थीम लावली, सोमवारी परत करडी

"सर, परत करडं झालं."

सोमवारी लॅब उघडून दहा मिनिटं होत नाहीत तोच हे ऐकू येतं. शनिवारी पोरांनी हौसेनं ब्लेंडर या थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या प्रोग्रॅमला काळी थीम (गडद रंगांचा पेहराव) लावलेली असते, स्क्रीनचा फोटो स्टेटसला टाकलेला असतो, आणि सोमवारी मशीन सुरू केलं की समोर तोच जुना राखाडी ब्लेंडर. एका छोट्या अ‍ॅनिमेशन क्लासची मशीन मी सांभाळतो. हा एकच बिघाड इतक्या वेळा काढलाय की पोरगं तक्रार कशी सांगतं यावरूनच निम्मं निदान होतं. "लागतच नाही" म्हणालं तर एक कारण, "लागते पण जाते" म्हणालं तर दुसरं, आणि "लागली पण काही दिसत नाही" म्हणालं तर तिसरंच.

अजून २.७९ कशाला वापरता, असं कुणी विचारेलच. ब्लेंडर २.८० जुलै २०१९ मध्ये आला आणि तेव्हापासून काळी थीम आयती लावलेलीच येते, त्यामुळे त्यापुढच्या आवृत्त्यांवाल्यांनी हे वाचायची गरज नाही. पण २.८० ला ओपनजीएल (स्क्रीनवर चित्र रंगवायची ग्राफिक्सची पद्धत) ३.३ चालवणारं ग्राफिक्स लागतं, २.७९ चं ओपनजीएल २.१ वर भागतं. आमची काही मशीन या रेषेच्या अलीकडची आहेत. शिवाय ब्लेंडर इंटरनल हा जुना रेंडरर (सीनचं अंतिम चित्र बनवणारा भाग) २.८० मध्ये काढून टाकला, त्यामुळे त्यावर बेतलेले जुने सीन ज्यांना पुरे करायचेत त्यांना २.७९ सोडून चालत नाही.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते आधी बघा.

- व्हिडिओत दाखवलेला मेनूच सापडत नाही.
- थीम लागते, पण ब्लेंडर बंद करून उघडला की करडा.
- ब्लेंडर बंद-चालू केला तर टिकते, मशीन बंद-चालू केलं की जाते.
- एका आयकॉनवरून उघडला तर काळा, दुसऱ्यावरून करडा.
- निम्मे पॅनल काळे, निम्मे करडे, कुठे काळ्यावर काळी अक्षरं.
- सगळं छान काळं झालं, पण वायर (वस्तूच्या कडांच्या रेघा) किंवा ग्रीज पेन्सिलची (ब्लेंडरमध्येच हातानं चित्र काढायच्या पेन्सिलची) रेघ दिसत नाही.
- थीम बदलल्यावर स्क्रीनवर ठिगळं पडतात, बंद केलेल्या मेनूच्या सावल्या मागे राहतात.
- खिडकीची वरची पट्टी काही केल्या पांढरीच.

हात लावण्याआधी दोन गोष्टी

पहिली: ब्लेंडर आपली बटणं, मेनू, पॅनल सगळं ओपनजीएलमधून स्वतः रंगवतो. विंडोजकडून तो आयती बटणं घेत नाही. म्हणून विंडोज १० मध्ये डार्क मोड लावला तरी ब्लेंडरच्या आत तसूभरही फरक पडत नाही. उलट खिडकीची वरची पट्टी विंडोजची असते, ती ब्लेंडरच्या थीमनं काळी होणार नाही. वरच्या यादीतलं शेवटचं लक्षण इथेच निकालात निघालं. ती पट्टी काळी हवीच असेल तर विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, मग कलर्समध्ये जाऊन शीर्षक-पट्टीवर अ‍ॅक्सेंट रंग दाखवायची खूण करा आणि गडद रंग निवडा. मग बाकीच्या प्रोग्रॅमच्या पट्ट्याही तशाच होतील, ते चालत असेल तर.

दुसरी: थीम तुमच्या सीनच्या फाइलमध्ये जात नाही. ती 'युजरप्रेफ डॉट ब्लेंड' नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये राहते. सीन दहादा सेव्ह करा, पेनड्राइव्हवर घेऊन घरी जा, घरचा ब्लेंडर घरच्याच रंगात उघडेल. पुढच्या बहुतेक तपासण्या या एका फाइलभोवती फिरतात: ती लिहिली गेली का, कुठे लिहिली गेली, आणि उघडताना वाचली गेली का.

१. आवृत्ती कोणती ते डोळ्यांनी बघा

खर्च शून्य, वेळ पाच सेकंद. वरच्या पट्टीवर उजवीकडे बारीक अक्षरांत आवृत्तीचा आकडा असतो आणि त्यापुढे व्हर्ट्‌स ८, फेसेस ६ अशी कोपऱ्यांची आणि बाजूंची मोजदाद. ब्लेंडर उघडताच येणारा घन ठोकळा समोर असेल तर हेच आकडे दिसतील. तिथे २.७९ लिहिलंय का ते वाचा.

हे आधी कशासाठी? तर यूट्यूबवरचे बहुतेक व्हिडिओ २.८० नंतरचे असतात आणि त्यात प्रेफरन्सेस (सेटिंग्जची खिडकी) 'एडिट' मेनूत दाखवतात. २.७९ मध्ये ते 'फाइल' मेनूत आहे, नाव 'युजर प्रेफरन्सेस'. कंट्रोल, ऑल्ट आणि यू एकदम दाबलं तरी उघडतं. त्यातल्या 'थीम्स' टॅबमध्ये वरच 'प्रीसेट्स'ची यादी आहे. 'बॅक टू ब्लॅक', 'एल्सियुन' अशा दोन-चार गडद थीम सोबतच येतात, काही डाउनलोड करायला नको. एका मुलीनं अर्धा तास 'एडिट' मेनू शोधून मग मला हाक मारली होती. चूक तिची नव्हती, व्हिडिओ दुसऱ्या आवृत्तीचा होता.

जाता जाता, फ्लॅश हा टूडी अ‍ॅनिमेशनचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी. फ्लॅश सीएस६ मध्ये काळा इंटरफेस शोधत असाल तर थांबा, तो त्यात नाहीच. गडद आणि फिका असा पर्याय त्यानंतरच्या फ्लॅश सीसीमध्ये, म्हणजे २०१३ साली आला. सीएस६ काळा करून देतो म्हणणाऱ्या फाइली नेटवर फिरतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. फारच त्रास होत असेल तर विंडोजचा मॅग्निफायर सुरू करून रंग उलटे करता येतात, पण मग स्टेजवरचे रंगही उलटे दिसतात. रंग भरताना ते चालणार नाही.

२. सेव्हचं बटण दाबलं होतं का?

आमच्या लॅबमधल्या तक्रारी सर्वांत जास्त इथेच संपतात. २.७९ मध्ये प्रेफरन्सेस बदलले की बदल लगेच दिसतो, पण आपोआप जपला जात नाही. खिडकीच्या खाली डावीकडे 'सेव्ह युजर सेटिंग्ज' असं बटण आहे. ते दाबलं नाही तर ब्लेंडर बंद होताच सगळं पाण्यात. २.८० पासून हे आपोआप सेव्ह होतं, त्यामुळे घरी नवा ब्लेंडर आणि क्लासमध्ये जुना वापरणाऱ्या पोरांना हे बटण आठवतच नाही.

त्यात एक गंमत आहे. 'थीम्स' टॅबमध्ये असताना खालच्या त्याच पट्टीवर 'सेव्ह'च्या शेजारीच 'रिसेट टू डिफॉल्ट थीम' असं बटण येतं. घाईत माउस दोन बोटं उजवीकडे गेला की थीम पुसली. मी एकाच्या मागे उभं राहून हे होताना पाहिलंय. तो ठामपणे सांगत होता, "सर, मी सेव्ह दाबलंय," आणि दाबत होता रिसेट. छोट्या स्क्रीनवर ही पट्टी अर्धवट झाकली जाते. तिच्यावर माउस नेऊन चाक फिरवलं की ती सरकते, किंवा खिडकीच ओढून मोठी करा.

कंट्रोल आणि यू दाबून काम होतं असंही कुणीतरी सांगतं. त्या फंदात पडू नका. ती कळ समोर उघडलेला सीनच सुरुवातीचा सीन म्हणून जपते. आमच्या एका मशीनवर कित्येक दिवस ब्लेंडर उघडला की ठोकळ्याऐवजी कुणाचा तरी एक शिंग नसलेला बैल उभा असायचा, तो याच कळीचा प्रताप.

तपासायचं असं: थीम लावा, 'सेव्ह युजर सेटिंग्ज' दाबा, ब्लेंडर पूर्ण बंद करा, त्याच आयकॉनवरून परत उघडा. टिकली? मग घरी जा. नाही टिकली तर पुढे चला.

आणि कुणी 'फाइल' मेनूतलं 'लोड फॅक्टरी सेटिंग्ज' दाबून सगळं करडं केलं असेल तर घाबरू नका. त्यानंतर 'सेव्ह युजर सेटिंग्ज' दाबलेलं नसेल तर ब्लेंडर नुसता बंद करून उघडा, जुनं परत येतं. घाबरून सेव्ह दाबलं तर मात्र जुनी सेटिंग्ज खरोखर गेली.

३. आयकॉन काय उघडतो ते बघा

डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'टार्गेट'च्या चौकटीतली ओळ शेवटपर्यंत वाचा. शेवटी दोन आडव्या रेघा आणि 'फॅक्टरी-स्टार्टअप' असं लिहिलेलं असेल तर चोर सापडला. त्या शब्दाचा अर्थच असा की माझी सेटिंग्ज वाचू नकोस, कोरा ब्लेंडर उघड. एखादं बिघडलेलं अ‍ॅड-ऑन (ब्लेंडरला जोडलेला जादा भाग) तपासताना कुणीतरी हे लिहून ठेवतं आणि काढायला विसरतं. कुणीतरी म्हणजे एकदा मीच. ओळीचा तेवढा भाग पुसा, बाकी हात लावू नका.

४. ब्लेंडर एक की दोन?

"या आयकॉनवर काळा, त्या आयकॉनवर करडा" याचं कारण बहुधा इथे असतं.

२.७९ दोन प्रकारे मिळतो: इन्स्टॉल करायचा आणि झिप फाइल उलगडून नुसता चालवायचा. दोन्ही एरवी सेटिंग्ज एकाच जागी ठेवतात. सी ड्राइव्हवर युजर्स, त्यात तुमच्या नावाचं फोल्डर, मग अ‍ॅपडेटा, रोमिंग, ब्लेंडर फाउंडेशन, ब्लेंडर, २.७९ आणि शेवटी कॉन्फिग. अ‍ॅपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं. एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये लपलेल्या वस्तू दाखवायची खूण केल्याशिवाय दिसणार नाही.

पण झिपमधून सोडलेल्या ब्लेंडरच्या आत '२.७९' नावाचं फोल्डर असतं, आणि त्यात कुणी 'कॉन्फिग' नावाचं फोल्डर तयार केलं की तो ब्लेंडर अ‍ॅपडेटाकडे पाहतच नाही, सगळं स्वतःच्या पोटात ठेवतो. म्हणजे दोन ब्लेंडर, दोन वह्या. एकीत लिहिलं आणि दुसरीत शोधलं तर कसं सापडणार? दोन्ही जागा उघडा, 'युजरप्रेफ डॉट ब्लेंड'ची तारीख-वेळ बघा. आत्ता सेव्ह दाबल्यावर ज्या फाइलची वेळ बदलली तीच तुमच्या ब्लेंडरची वही.

याच कुळातला दुसरा घोळ 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर'चा. विद्यार्थ्याच्या खात्यातून ब्लेंडर अ‍ॅडमिनचा पासवर्ड देऊन उघडला तर तो अ‍ॅडमिनच्या खात्यात चालतो आणि सेटिंग्जही अ‍ॅडमिनच्याच घरात ठेवतो. नंतर साध्या पद्धतीनं उघडला की करडा. लिनक्सवर सुडोनं (रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी खात्याच्या हक्कानं) उघडणाऱ्यांचं असंच होतं, वर सेटिंग्जची फाइल रूटच्या मालकीची झाली की नंतर साध्या युजरला त्यात लिहिताही येत नाही. लिनक्सवर ती जागा घरच्या फोल्डरातल्या 'डॉट कॉन्फिग'मध्ये ब्लेंडर, त्यात २.७९. मालकी बदलून घ्या आणि सुडो सोडा. चित्र काढायला रूट कशाला?

२.७८ वरून २.७९ वर आलेल्यांसाठी: प्रत्येक आवृत्तीचं फोल्डर वेगळं, त्यामुळे नव्यात थीम नसणारच. पहिल्यांदा उघडल्यावर सुरुवातीच्या चित्रावर 'कॉपी प्रीव्हियस सेटिंग्ज' असं येतं, ते दाबा. २.७९, २.७९अ आणि २.७९ब मात्र एकाच फोल्डरात नांदतात.

५. लिहायला जागा आणि परवानगी आहे का?

सेव्ह दाबलं, आयकॉन बरोबर, फोल्डर बरोबर, तरी फाइलची वेळ बदलत नाही. मग ब्लेंडरला तिथे लिहिताच येत नाहीये.

आधी सी ड्राइव्हवर जागा किती उरली ते बघा. रेंडरच्या फ्रेम डेस्कटॉपवर टाकायची सवय असलेल्या लॅबमध्ये सी ड्राइव्ह लाल झालेला असतो. ब्लेंडर फाइल लिहिताना आधी नावाच्या शेवटी अ‍ॅटचं चिन्ह असलेली तात्पुरती फाइल लिहितो आणि ती पूर्ण झाली की तिला खरं नाव देतो. कॉन्फिग फोल्डरात अशी अ‍ॅटवाली फाइल पडून राहिलेली दिसली तर समजा, लेखन मध्येच अडलं होतं. जागा मोकळी करा, ती फाइल काढा, परत सेव्ह करा.

मग फाइलवर राइट क्लिक करून 'रीड ओन्ली'ची खूण नाही ना ते बघा. झिपचा ब्लेंडर कुणी प्रोग्रॅम फाइल्समध्ये नेऊन ठेवला असेल आणि त्याच्या पोटात कॉन्फिग असेल, तर साध्या खात्याला तिथे लिहायची मुभा नसते. तो उचलून डी ड्राइव्हवर ठेवा.

आता सोमवारचं कोडं. ब्लेंडर बंद-चालू केला तर थीम राहते आणि मशीन बंद-चालू केलं की जाते, यात ब्लेंडरचा काही दोष नाही. क्लास, कॉलेज, सायबर कॅफे इथल्या मशीनवर रीबूट झालं की सगळं आधीच्या स्थितीत नेणारं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. पोरांनी काहीही करो, सकाळी मशीन धुतल्या तांदळासारखं. ते सॉफ्टवेअर तुमच्या थीमलाही कचराच समजतं. त्याच्याशी झगडू नका, पासवर्ड शोधत बसू नका. दोनच वाटा आहेत. एक, लॅब सांभाळणाऱ्याला सांगून ते सॉफ्टवेअर तेवढ्यापुरतं थांबवायचं, थीम सेव्ह करायची आणि परत चालू करायचं. दुसरी वाट मला जास्त आवडते. झिपचा २.७९ पेनड्राइव्हवर सोडा, त्याच्या '२.७९' फोल्डरात 'कॉन्फिग' नावाचं रिकामं फोल्डर करा, तिथून उघडा, थीम लावा, सेव्ह करा. आता तुमचा ब्लेंडर तुमच्या खिशात. आमच्याकडच्या सोमवारच्या तक्रारी हे शिकवल्यावर बऱ्याच कमी झाल्या.

६. बाहेरून आणलेली थीम

ब्लेंडरची थीम एक्सएमएल फाइल असते आणि 'इन्स्टॉल थीम' या बटणानं आत येते. इथे दोन गोष्टी चुकतात.

एक, गिटहब या फाइली ठेवायच्या साइटवरून थीमऐवजी तिचं वेबपानच सेव्ह करून आणतात. नाव एक्सएमएलचं, पोटात एचटीएमएल. नोटपॅडमध्ये उघडा: पहिल्या ओळीत टोकदार कंसात 'बीपीवाय' असेल तर खरी थीम, 'डॉकटाइप' असेल तर वेबपान.

दोन, २.८० किंवा नंतरची थीम २.७९ ला खायला घालतात. त्यातले काही रंगांचे कप्पे जुन्यात नाहीतच, आणि जुन्यातले काही नव्यात नाहीत. जेवढे जुळतात तेवढे लागतात, बाकीचे पूर्वीच्याच रंगात राहतात. निम्मे काळे, निम्मे करडे पॅनल यातूनच येतात. अशा वेळी 'रिसेट टू डिफॉल्ट थीम' दाबा (इथे तो मुद्दाम दाबायचा) आणि २.७९ साठी केलेली थीमच घ्या. फाटलेली थीम शिवत बसण्यात अख्खी दुपार जाते.

७. काळं झालं, पण दिसेना

हे मी थोडं सावकाश सांगतो, कारण हा बिघाड नाही, रंगांचं गणित आहे, आणि अ‍ॅनिमेशन करणाऱ्याला तेच जास्त नडतं.

२.७९ च्या मूळ थीममध्ये थ्रीडी व्ह्यूची पार्श्वभूमी आधीच बऱ्यापैकी गडद असते, हेक्समध्ये (रंगाच्या सहा अक्षरी क्रमांकात) ३९३९३९. डोळ्याला खुपतात ते बाजूचे पॅनल, ७२७२७२ चे, वर काळी अक्षरं. म्हणजे पुष्कळदा फक्त पॅनल गडद करून अक्षरं फिकी केली तरी काम होतं, पूर्ण थीमच बदलायला नको. मात्र २.७९ मध्ये प्रत्येक एडिटरचे (खिडकीतल्या प्रत्येक भागाचे) रंग वेगळे साठवलेले असतात. प्रॉपर्टीजचा पॅनल गडद केला म्हणून आउटलायनर (सीनमधल्या वस्तूंची यादी) होत नाही. एकेक रंग टाइप करू नका. रंगाच्या चौकोनावर माउस नुसता ठेवून कंट्रोल-सी, दुसऱ्या चौकोनावर नेऊन कंट्रोल-व्ही. पार्श्वभूमी बदलली की लगेच त्याच एडिटरची अक्षरंही बदला, नाहीतर काळ्यावर काळं.

थ्रीडी व्ह्यू अगदी काळाकुट्ट केला तर वायर हरवते, कारण वायरचा मूळ रंगही काळाच. 'थीम्स'मध्ये 'थ्रीडी व्ह्यू' निवडा, 'वायर' आणि 'वायर एडिट' फिक्या करड्या रंगावर आणा, 'ग्रिड' त्यापेक्षा जरा दबकी ठेवा.

ग्रीज पेन्सिलची गोष्ट निराळी. तिची काळी रेघ थीमची नाही, तुमच्या चित्राची आहे. थीम बदलून ती कधीच पांढरी होणार नाही, आणि दिसत नाही म्हणून रेघेचा रंग बदलला तर तो शेवटी चित्रातही बदललेलाच येईल. पेन्सिलनं काम करणाऱ्यांनी व्ह्यूची पार्श्वभूमी मध्यम करडी ठेवावी आणि बाकीचे पॅनल हवे तितके काळे करावेत. याच्या उलटा गैरसमजही असतो: "काळी थीम लावल्यापासून रेंडर काळा येतोय." नाही. रेंडरची पार्श्वभूमी 'वर्ल्ड'मधून येते, थीमशी तिचा संबंध नाही. रेंडर काळा असेल तर दिवे आणि कॅमेरा बघा.

नेटवरची थीम निवडताना मी एकच परीक्षा घेतो. सुंदर ठोकळ्याकडे बघत नाही, डोप शीट आणि ग्राफ एडिटर हे हालचालीच्या वेळा दाखवणारे भाग उघडतो. निवडलेली 'की' (हालचालीची खूण) आणि न निवडलेली 'की' हातभर अंतरावरून वेगळी ओळखू येते का? चालू फ्रेमची उभी रेघ झटकन सापडते का? ग्राफ एडिटरमध्ये झेडची निळी रेघ काळ्यात बुडत तर नाही? निळा मुळातच मंद दिसणारा रंग, काळ्यावर तो सर्वांत आधी हरवतो. मॉडेलिंग करणाऱ्यांनी बनवलेल्या पुष्कळ थीम इथेच नापास होतात. अशा वेळी ग्राफ एडिटरची पार्श्वभूमी दोन पायऱ्या उजळ केली की भागतं.

माझं मत विचाराल तर रंग भरताना आणि प्रकाशयोजना करताना तो बदनाम करडाच बरा. काळ्या चौकटीत तेच चित्र जास्त उजळ वाटतं, मग हात आपोआप दिवे कमी करतो, आणि पांढऱ्या भिंतीवरच्या प्रोजेक्टरवर फिल्म अंधारी निघते. लॅबमध्ये खिडकी पाठीमागे असेल तर काळ्या स्क्रीनवर आपलाच चेहरा दिसतो, तेही आहेच. आणि जुने स्वस्त एलसीडी जरा खालून पाहिले की गडद छटा एकमेकींत मिसळतात. थीमला नावं ठेवण्याआधी मॉनिटर वाकवून बघा.

सगळं जमलं की प्रीसेट्सच्या यादीशेजारची अधिकची खूण दाबून त्याला नाव द्या. थीमची वेगळी फाइल तयार होते. ती आणि 'युजरप्रेफ डॉट ब्लेंड' दोन्ही पेनड्राइव्हवर घ्या.

८. ठिगळं आणि सावल्या

थीम बदलल्यावर मेनूच्या सावल्या राहणं, पॅनल माउस फिरवेपर्यंत न रंगणं, हे रंगांचं नाही, ग्राफिक्सचं दुखणं आहे. करड्या थीममध्येही ते असतं, काळ्यात नजरेत भरतं इतकंच.

'युजर प्रेफरन्सेस'च्या 'सिस्टिम' टॅबमध्ये 'विंडो ड्रॉ मेथड' आहे. 'ऑटोमॅटिक'वर असेल तर 'ट्रिपल बफर' आणि मग 'फुल' करून पाहा. 'फुल'मध्ये ब्लेंडर दर वेळी सगळी खिडकी नव्यानं रंगवतो, त्यामुळे सावली राहत नाही, पण जुन्या मशीनवर थोडा जड चालतो. जो चालेल तो ठेवून सेव्ह दाबा (दुसरी तपासणी आठवते ना?).

याने भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'डिस्प्ले अ‍ॅडाप्टर्स' उघडा. तिथे तुमच्या कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर' दिसत असेल तर ड्रायव्हर गेलाय. लॅपटॉप किंवा कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या नेमक्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणारी सॉफ्टवेअर मी लॅबमध्ये बंद केलीत. त्यांनी आणलेले आगंतुक पाहुणे काढण्यात माझा जास्त वेळ गेलाय.

इथे थांबा

ठिगळं फक्त ब्लेंडरमध्ये नसून डेस्कटॉपवर, ब्राउझरमध्ये, किंवा मशीन सुरू होताना येणाऱ्या कंपनीच्या चिन्हावरही दिसत असतील तर ग्राफिक्स कार्ड, केबल किंवा मॉनिटर आजारी आहे. केबल बदलून बघायला हरकत नाही, त्यापुढे हार्डवेअरवाल्याला बोलवा. कार्ड उघडून ब्रशनं झाडणं, हेअर ड्रायरनं तापवणं असले उद्योग करू नका.

सेव्ह करताना मशीन गोठतं, हार्ड डिस्क टकटक आवाज करते, कॉन्फिगच नाही तर इतर फाइलीही उघडेनाशा झाल्यात: थीम विसरा. प्रोजेक्टच्या फाइली लगेच दुसरीकडे कॉपी करा, मशीन बंद करा आणि डिस्क बघणाऱ्याकडे न्या. डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्रॅम त्याच डिस्कवर चालवत बसलात तर उरलंसुरलंही जाईल.

मशीन कॉलेजचं किंवा स्टुडिओचं असेल आणि परवानगी, खातं, रीबूटवर पुसणारं सॉफ्टवेअर यातलं काही आडवं येत असेल, तर तिथल्या सिस्टिमवाल्याला सांगा. पाच मिनिटांचं काम असतं त्याचं. तुम्ही फोल्डरांच्या परवानग्या बदलत सुटलात तर त्याचा दिवस जातो आणि तुमचं खातंही.

आणि फिल्म अर्ध्यावर असताना निव्वळ काळ्या थीमसाठी २.८० वर उडी मारू नका. २.८० मध्ये वस्तूंचे गट करणाऱ्या लेयरच्या जागी कलेक्शन आली, तिथे सेव्ह केलेला सीन २.७९ मध्ये परत उघडला की वस्तू गायब दिसू शकतात. जायचंच असेल तर फाइलची प्रत करून, त्या प्रतीवर.